काडतुसं उघडताना

बेसिंगस्टोकच्या आमच्या घराला गॅरेज होतं, पण गाडी कायम बाहेर, घरासमोरच्या ड्राइव्हवर. आत ह्यांचं कामाचं बाक होतं. ह्यांचं म्हणजे माझ्या नवऱ्याचं. हॉस्पिटलात हे भूलतज्ज्ञ. ऐंशीच्या दशकात कधीतरी शेजारचे गोरे गृहस्थ ह्यांना रायफल क्लबवर घेऊन गेले आणि तेव्हापासून आमची रविवारची सकाळ घरची राहिली नाही.

मला घरात बंदूक नको होती. पुण्याला माहेरी आमच्याकडे कोणी साधी गलोलही हातात धरली नव्हती. पण हे म्हणाले, "दिवसभर दुसऱ्यांचे श्वास सांभाळतो गं. तिथे तासभर फक्त माझा सांभाळायचा असतो."

पुढे हे काडतुसंही घरीच भरायला लागले. उडवलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी साफ करायची, तिच्यात बंदुकीची दारू मोजून ओतायची आणि बाकावरच्या प्रेसने, म्हणजे लीव्हर ओढून दाब द्यायच्या यंत्राने, वर गोळी बसवायची. एक नियम मात्र ह्यांनी मलासुद्धा ऐकवून ठेवला होता. बाकावर एका वेळी दारूचा एकच डबा. दोन प्रकारची दारू दिसायला जवळजवळ सारखी, पण एक सावकाश जळते, दुसरी भडकन. अदलाबदल झाली तर बंदूक तोंडासमोर फुटू शकते. क्लबातल्या इतरांकडे चुकीचं भरलेलं काडतूस उघडायला बुलेट पुलर असायचा. ह्यांच्याकडे नव्हता. "मी चुकीचं भरत नाही," असं हे सांगत. त्यात तोरा नसे. आपला रक्तगट सांगावा तसं सांगत.

नव्वदच्या दशकातला एक नोव्हेंबर. दुपारी मी चहा टाकत होते, तर हे गॅरेजमधून येऊन किचनच्या दारात उभे राहिले.

"तू गॅरेजमध्ये गेली होतीस?"

"मी कशाला जाऊ?"

"बाकावर दोन डबे आहेत. दोन्ही उघडे."

मी गॅस बंद केला. हे काही वेळ नुसते माझ्याकडे बघत राहिले, मीच काहीतरी आठवून सांगेन अशासारखे. मग म्हणाले, "दुसरा डबा मी कधी काढला?"

त्याआधीच्या काही महिन्यांत हे गाडी चालवताना राउंडअबाउटला, म्हणजे गोल चौकाला, एक फेरी जास्त मारायला लागले होते. "एक्झिट हुकली," म्हणायचे. बेसिंगस्टोकमध्ये राउंडअबाउट इतके आहेत की कोणाचीही हुकेल, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. त्या दुपारी ती समजूत संपली.

भरलेली सगळी काडतुसं उघडायची असं ह्यांनी ठरवलं. कोणत्या काडतुसात कोणती दारू आहे ते बाहेरून कळणार कसं? मग आम्ही साउथहॅम्प्टनच्या रस्त्यावरच्या एका बंदुकीच्या दुकानात गेलो. मी तिथे पहिल्यांदाच पाऊल टाकत होते. आत तेलाचा आणि ओल्या कोटांचा वास होता. म्हाताऱ्या दुकानदाराने काउंटरवर दोन पुलर ठेवले. एक हातोडीसारखा. त्याच्या डोक्यात काडतूस अडकवायचं आणि लाकडी ठोकळ्यावर आपटायचं, की झटक्याने गोळी सुटते. दुसरा प्रेसवर बसवायचा. तो गोळीला चिमट्यासारखा धरतो, आणि लीव्हर ओढली की ती अलगद बाहेर येते.

"एखाददुसरं असेल तर हातोडी घ्या, डॉक्टर," तो म्हणाला. "जास्त असतील तर तिने हात भरून येतील."

"जास्त आहेत."

"किती?"

"सगळी," हे म्हणाले.

दुकानदाराने मान वर करून पाहिलं. ह्यांनी हातोडी उचलून दोनदा हवेत हलवली आणि मराठीत मला म्हणाले, "ह्याचा आवाज तुला आतपर्यंत येईल."

"येऊ दे. तुम्हाला जमेल ते घ्या."

हातोडी खाली ठेवून हे दुसऱ्याकडे वळले. "हा माझ्या प्रेसवर बसेल ना?" दुकानदाराने प्रेस कोणता ते विचारलं आणि बसेल म्हणाला. तो खोकं कागदी पिशवीत घालत होता तेव्हा ह्यांनी पुन्हा विचारलं, "हा माझ्या प्रेसवर बसेल ना?" तोच आवाज, तेच हसू. "बसेल, डॉक्टर," तो तितक्याच शांतपणे म्हणाला. पण बोलताना तो माझ्याकडे बघत होता. मी मान वळवली आणि लावलेलंच कोटाचं बटण पुन्हा लावत बसले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी किचनमधले दोन वाडगे घेऊन गॅरेजमध्ये गेले. "बाजूला बसू?" म्हटलं, तर ह्यांनी स्टूल पुढे सरकवलं. हे लीव्हर ओढत, सुटलेली गोळी मी वाडग्यात टाके, आणि हे दारू एका पांढऱ्या कागदावर ओतत. काही वेळ सगळी सारखीच निघाली. मग हे थांबले. दिवा खाली ओढून कागदावर वाकले. दाणे किंचित लांब होते, मलासुद्धा दिसले.

"मधेच बदलली," हे म्हणाले.

"कोणी?"

"मीच. दुसरं कोण?" मग ते लांब दाणे बोटाने वेगळे करत, "चुकलं त्याचं काही नाही गं. चुकतो माणूस. मला ते आठवतच नाही."

मी म्हटलं, "दमला असाल. दोन दिवस रजा घ्या."

ते ह्यांच्या कानात शिरलं नाही. "उद्या माझी ऑपरेशनची लिस्ट आहे," हे म्हणाले. "पहिलीच एक लहान मुलगी. टॉन्सिल्स." लीव्हरवरचा हात ह्यांनी काढून घेतला.

किचनच्या भिंतीवरच्या फोनवरून ह्यांनी डिपार्टमेंटच्या प्रमुखांना घरी फोन लावला. मी दाराशी उभी होते. "नाही, फ्लू वगैरे नाही," हे इंग्रजीत सांगत होते. "मला कोणीतरी तपासायला हवं. तोपर्यंत मी कोणालाही भूल देणार नाही." पलीकडून बराच वेळ समजावणं चाललं असावं. हे ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "नो. आय अ‍ॅम शुअर." फोन ठेवून, माझ्याकडे न बघता, हे पुन्हा गॅरेजमध्ये गेले आणि उरलेली काडतुसं उघडायला लागले. अंधारून आल्यावर दारू गुलाबांच्या वाफ्यात पसरून टाकली. ती खतासारखी चालते, असं क्लबातले लोक सांगत. पाऊस भुरभुरत होता आणि काळे दाणे ओल्या मातीला चिकटून बसत होते.

हॉस्पिटलात ह्यांचं पाऊल परत पडलं ते पेशंट म्हणूनच. रायफली क्लबने विकून दिल्या, आणि बंदूक बाळगायचं सर्टिफिकेट ह्यांनी स्वतः पोलीस स्टेशनवर जाऊन परत केलं. मी म्हटलं होतं, पोस्टाने पाठवू या. हे म्हणाले, "नको. मी घेतलं, मीच देतो."

स्कॅन झाले, तपासण्या झाल्या, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर साउथहॅम्प्टनच्या स्पेशालिस्टने आम्हाला बोलावलं. बाई तरुण होत्या, हळू आवाजात बोलत होत्या. आजाराचं नाव, औषधं नसणं, पुढे काय काय होईल ते सगळं त्या माझ्याकडे बघून सांगत होत्या. मी मान डोलवत होते.

"एक्स्क्यूज मी," हे मधेच म्हणाले. "मला सांगा. मी इथेच बसलोय."

बाई लाजल्या. त्यांनी खुर्ची वळवली, माफी मागितली आणि पहिल्यापासून सगळं ह्यांना सांगितलं. ह्यांनी प्रश्न विचारले, नेमके, एका डॉक्टरने दुसऱ्याला विचारावेत तसे. त्यांनीही काही लपवलं नाही. शेवटी त्या गाडी चालवण्याबद्दल बोलल्या. ह्यांनी खिशातून किल्ली काढून माझ्या मांडीवर ठेवली.