फौजदारी डाळ आणि वकिलांचे पैसे

माझ्या थोरल्या दिरांशी मी आयुष्यात थेट बोललेलं पहिलं वाक्य होतं, "हात लावू नका!" तेही ओरडून, त्यांच्याच ओट्यावर उभं राहून, डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला असताना.

आमच्याकडे धाकटी सून जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, समोरासमोर बोलत नाही. ते दोन हातांवर खाटेवर बसलेले असले तरी निरोप जावेकडून जातो. "जिजी, आबांना म्हणावं चहा झाला." आबांनी ते ऐकलेलं असतं. तरी जिजी सांगणार, मगच त्यांना ते ऐकू येणार. मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. मुख्याध्यापकांशी भांडले, तळोद्याच्या कचेरीत साहेबाच्या टेबलावर हात आपटून बदलीचा कागद काढून आणला. राग माझ्या नाकावरच असतो. पण घरात आलं की हा नियम. तो मला पटत नव्हता आणि मी तो मोडतही नव्हते.

आबा म्हणजे हे थोरले दीर, जिजी म्हणजे माझी थोरली जाऊ. शहाद्याजवळच्या आमच्या गावात त्यांचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लागून आहे. केळीला पाणी द्यायच्या पाळीवरून एकदा दोघा भावांत शब्दाला शब्द लागला. शब्दावरून हात उठला, आणि आमच्या घरातून पोलिसांत तक्रार गेली. भावाभावांत फौजदारी उभी राहिली. ती तक्रार ह्यांच्या सहीची होती, पण लिहिली होती मी. ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक नव्हती तिच्यात. त्या वेळी मला त्याचं कौतुकही वाटलं होतं, हे सांगायला आज लाज वाटते.

तारखेला दोघे भाऊ एकाच एसटीने शहाद्याला जात. एक पुढच्या दारापाशी बसे, एक मागच्या बाकावर. दोघांच्या पिशव्यांत वेगवेगळे डबे. दोघांचे वकील मात्र कोर्टासमोरच्या टपरीवर एकमेकांना चहा पाजत. अशी बरीच वर्षं गेल्यावर तडजोड झाली, सह्या झाल्या, केस संपली. बोलणं काही सुरू झालं नाही. भिंतीपलीकडे जिजी कांदा-खोबरं भाजायच्या, त्याचा वास आमच्या स्वयंपाकघरात यायचा. मी आमच्या पातळ वरणात चमचा फिरवत बसायचे. जिजींच्या हातची फौजदारी डाळ गावात नावाजलेली, आणि मला तिच्या वासावरच भागवावं लागत होतं.

निवृत्त झाल्यावर नाशिकच्या मुलीने मला ब्लॉग काढून दिला. "आई, दिवसभर बाबांच्या चुका काढण्यापेक्षा लिही काहीतरी," असं ती म्हणाली. खानदेशी जेवणावर लिहायचं ठरलं. लिहायला लागले तसं ब्लॉगमधून पैसे कसे मिळतात तेही वाचायला लागले. मी शिक्षिका, त्याची एक वही केली. मजकुरात जाहिराती येऊ द्यायच्या आणि लोकांनी त्या पाहिल्या की पैसे, हा पहिला मार्ग. दुसरा, एखाद्या वस्तूची लिंक द्यायची, कोणी ती घेतली की दलाली. मी लोखंडी कढईची लिंक दिली. महिनाभरात एकच कढई खपली, आणि ती आमच्याच घरी आली, कारण ह्यांनी न वाचता बटण दाबलं होतं. एका मसालेवाल्याने त्यांच्या पाकिटाची स्तुती लिहा, पैसे देतो, असं कळवलं. मी मसाला मागवून पाहिला आणि त्यांचं पत्र शुद्धलेखन तपासून परत पाठवलं. पुन्हा त्यांचं काही आलं नाही.

राहिल्या जाहिराती. अर्ज केला, तर मजकूर फार थोडा आहे म्हणून नाकारला. दुसऱ्यांदाही नाकारला. मला असा राग आला की आठवड्यात सात भाज्या लिहून काढल्या. पण माझा स्वयंपाक यथातथाच. लिहिण्यासारखं जे होतं ते भिंतीच्या पलीकडे शिजत होतं.

एका सकाळी वही-पेन घेऊन मी जिजींच्या मागच्या दारात उभी राहिले.

"काय लिखी लेवानं शे तुले?" जिजींनी वर न बघता विचारलं.

"तुमची डाळ. ब्लॉगसाठी."

"कसाना बलोक?"

मी समजावून सांगितलं. मोबाईलवर लिहायचं, लोक वाचतात, जाहिराती येतात, पैसे मिळतात. अर्धे तुमचे, असंही म्हणाले. खरं म्हणजे मला पैसे नको होते, ते दार हवं होतं. पण "जिजी, माझं चुकलं, मला तुमच्याशी बोलायचंय" हे वाक्य तोंडातून बाहेर येईना. पैशाचं वाक्य आलं.

जिजींनी माझ्याकडे पाहिलं.

"बठ," त्या म्हणाल्या. "आधी कांदा चिरी दे."

त्या दिवसापासून मी रोज जाऊ लागले. जिजींचं माप म्हणजे मूठ, चिमूट आणि "दखीसन टाक", बघून टाक. मी प्रत्येक मूठ वाटीत ओतून मोजायचे, आणि त्या हसायच्या. त्या म्हणणार दाय, मी लिहिणार डाळ. "मी दाय सांगस आनि तू डाळ लिखस, मंग ती मन्ही कशी?" असं त्यांनी एकदा विचारलं, तरी मी डाळच लिहिलं. भाजलेला कांदा, सुकं खोबरं, लसूण, काळा मसाला, वर तेलाचा लाल तवंग. नाव फौजदारी का, तर जिजींच्या मते एका फौजदाराने गावात मुक्काम केला, ही डाळ खाऊन त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि तो कोणालाही न मारता निघून गेला. खरं-खोटं कोणी पाहिलंय. आबा बाहेर खाटेवर असायचे. हे आणि आबा मात्र अजूनही गल्लीत समोर आले की एकजण पिंपळाकडे बघायचा आणि दुसरा चपलेकडे.

डाळ मी मन लावून लिहिली. तिसरा अर्ज मंजूर झाला आणि माझ्या ब्लॉगवर जाहिराती दिसू लागल्या. कांदा-भाकरीच्या पानावर पंपाची, भरताच्या पानावर साडीची. आणि फौजदारी डाळीच्या पानावर वकिलांची. "फौजदारी खटला? जामीन हवा? अनुभवी वकिलांना लगेच फोन करा." डाळीच्या फोटोखाली काळ्या कोटातला माणूस हाताची घडी घालून उभा. जाहिराती लावणाऱ्या त्या यंत्राला शब्द कळतो, जेवण कळत नाही. फौजदारी म्हटलं की ते कोर्टातच जाणार.

वाचकही तसेच येऊ लागले. "ताई, जामिनाला किती दिवस लागतात?" अशी एकाने विचारणा केली. मी लिहिलं, डाळ भिजवलेली असेल तर अर्धा तास. त्याने पुढे कळवलं की जामीन अजून व्हायचाय, पण डाळ छान झाली. मी मजेत होते. मुलगी म्हणाली, आई, वकिलांची जाहिरात पंपापेक्षा चांगले पैसे देते, काढू नकोस.

आमच्या नणंदेचा मुलगा तळोद्याहून डोंगरातल्या गावांना जीप नेतो. जीप भरेपर्यंत तो मोबाईल बघत बसतो. त्याला माझं पान दिसलं. जीप भरायच्या आत जेवढं वाचून होतं तेवढंच त्याने वाचलं, म्हणजे वर "फौजदारी" आणि खाली वकील. त्याने लगेच आबांना फोन लावला. "मोठा मामा, धाकली मामीनी तुम्हनी फौजदारी इंटरनेटवर टाकी दिधी. वकीलना फोटो बी शे."

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी वही घेऊन गेले तर मागचं दार बंद. "आज नही," आतून आवाज आला. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी दारातून हलेच ना, तेव्हा जिजी बाहेर आल्या. डोळे सुजलेले.

"आम्हनी फौजदारी तू जगले दखाडी दिधी? याकरता येत व्हतीस का रोज?"

क्षणभर मला काही कळेना. मग डाळीच्या फोटोखालचा तो वकील आठवला. मी हे कधीच करणार नाही, असं त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार? एकदा केलेलं होतंच. फौजदारी लिहिणारी या घरात मीच होते.

मी घरी जाऊन मोबाईल आणला आणि सरळ पुढच्या ओट्यावर गेले. आबा खाटेवर होते. जिजी मागून आल्या.

"जिजी, आबांना म्हणावं, ही डाळ आहे. वाचून बघा म्हणावं."

जिजींनी सांगायच्या आत आबांनी स्वतःच हात पुढे केला. चष्मा लावला, मोबाईल लांब धरला. वकिलाचा फोटो दिसताच त्यांच्या कपाळाची शीर उभी राहिली.

"हाऊ कोन शे?" म्हणत त्यांनी त्या काळ्या कोटावर बोट नेलं.

आता, ब्लॉगवाल्याच्या घरच्यांनी आपल्याच जाहिरातीवर बोट दाबायचं नसतं. दाबलं आणि कंपनीला कळलं की लबाडी समजून सगळंच बंद करतात. हे मी वहीत लाल शाईने लिहून ठेवलं होतं. त्या घटकेला सासर, पदर, जेठ, काही आठवलं नाही.

"हात लावू नका!"

गल्लीतली शेळी ओरडायची थांबली. आबांचं बोट हवेत राहिलं. जिजींनी तोंडावर पदर धरला, आणि मग त्यांच्या खांद्यांवरून कळलं की त्या हसताहेत.

बोललेच होते, तर आता थांबण्यात अर्थ नव्हता. मी आबांना सगळं समोरासमोर सांगितलं. वकील कसा आला, शब्दामुळे कसा घोळ झाला, बोट का लावायचं नाही. "म्हंजे घरनास्नी हात लावाना नही, आनि पैसा भाहेरनास्नी देवाना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले.

मग त्यांनी सगळं पान वाचलं. ओठ हलवत, बोट मोबाईलपासून लांब ठेवून. एका जागी ते थांबले आणि तेवढं मोठ्याने वाचलं. "भिंतीपलीकडून कांदा भाजल्याचा वास यायचा. मी आमच्या वरणात चमचा फिरवत बसायचे. ती डाळ मागायचा हक्क मी माझ्याच हाताने लिहून घालवला होता."

आबांनी चष्मा काढून धोतराला पुसला.

"ती तक्रार बी तू आशीच सुंदर लिखेल व्हती," ते म्हणाले. जिजींकडे न बघता, माझ्याकडे बघून.

मला रडू आलं. चुकलं माझं आबा, असं मी म्हणाले. पान काढून टाकते म्हणाले.

"काबर? ऱ्हाऊ दे. दायनी काय करेल शे?"

पुन्हा मागचं दार उघडं राहू लागलं. पुढच्या पानांवर मी "दाय" असंच लिहिलं. शुद्धलेखनाचं माझं मी बघून घेईन. निरोपही बंद झाले. चहा झाला की मीच सांगते, आणि आबांना ते पहिल्याच खेपेला ऐकू येतं. भावांचं मात्र तसंच चाललं होतं, पिंपळ आणि चप्पल. त्यात मला काही सुचत नव्हतं.

पहिले पैसे बँकेत आले तेव्हा बरेच महिने गेले होते. आकडा सांगत नाही, ऐकून कोणी नोकरी सोडून ब्लॉग काढेल असा तो नाही. अर्धे घेऊन मी सकाळीच जिजींकडे गेले. चुलीवर कढई होती, माझ्या दलालीची, ह्यांनी चुकून घेतलेली. आत फौजदारी डाळ उकळत होती. आबा ओट्यावर भाकरी वाढलेल्या ताटावर बसतच होते.

"हाई कसानं?" जिजींनी नोटा बघून विचारलं.

"तुमच्या डाळीचे. वकिलांनी दिले."

जिजींनी ते पैसे आबांसमोर धरले. आधी आबांची मिशी हलली, मग पोट, आणि मग ते असे हसले की मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

"इतला वरीस वकीलस्नी आपलं खादं," ते म्हणाले. "आते आपन त्यास्नं खाऊत."

आणि मग ते उठले. ओट्याच्या टोकाला गेले, भिंतीवर हात ठेवला, आणि पलीकडे आवाज दिला.

"ये रे धाकल्या! आज वकीलनं जेवन शे!"

भिंतीपलीकडे वर्तमानपत्राची सळसळ थांबली. थोड्या वेळाने आमचं दार वाजलं आणि हे आले. पायांत चपला नव्हत्या. हातात मात्र घरचं ताट होतं, वाटीसकट. इतक्या वर्षांच्या वेगळ्या डब्यांची सवय.

जिजी कढई उतरवता उतरवता थांबल्या.

"आम्हना घरमा ताटे नहीत का रे?"

ताट छातीशी धरून हे तसेच उभे राहिले. आबा खाली बसले आणि आपलं वाढलेलं ताट त्यांनी दोघांच्या मधे सरकवलं.