जालन्यातली बर्फावरची गाडी

मी एका बर्फावरच्या गाडीचा मालक होतो, असं म्हटलं तर ते पूर्ण खरं होणार नाही. ती माझी होणार होती. पण श्रावणापासून दसऱ्यापर्यंत मी मनातल्या मनात तिचा मालकच होतो. नव्या मालकाला आपल्या गाडीबद्दल जे जे वाटतं, ते मला सगळं वाटून गेलं. कुणाला सांगावं असं कुणी नव्हतं, म्हणून लिहितोय.

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. गाव वाटूरच्या पुढं आहे, आईवडील तिथं असतात, मी जालन्यात खोली करून राहतो. तास नसले की एका भंगार यार्डात वजनकाट्यावर बसतो. ट्रक येतो, वजन होतं, मी पावती फाडतो. भंगार कंटेनरमधून परदेशातून येतं आणि इथल्या भट्ट्यांकडे वितळायला जातं. त्या कामात बोलावं लागत नाही, म्हणून मला ते बरं वाटतं. आणि म्हणूनच कधी कधी वाटत नाही.

एका दुपारी क्रेनच्या चुंबकाला कंटेनरमधलं सगळं भंगार चिकटून वर गेलं आणि एकच वस्तू थोडी वर जाऊन खाली पडली. पुन्हा उचलली, पुन्हा पडली. तिचं अंग अॅल्युमिनियमचं आणि प्लॅस्टिकचं होतं, चुंबकाला ती दाद देत नव्हती. शेवटी चौघांनी दोर लावून ओढून काढली. पुढं दोन लांब पट्ट्या, मागं रणगाड्याला असतो तसा रबरी साखळपट्टा, वर सीट आणि हँडल. चाक एकही नाही.

यार्डाचे मालक, ज्यांना आम्ही सगळे चाचा म्हणतो, ऑफिसातून बाहेर आले.

"ये क्या बला उतरी रे?"

"ट्रॅक्टरचं पिल्लू हाये, चाचा," कुणीतरी म्हणालं. "पायं फुटायचेत अजून."

मी मोबाईलवर शोधलं. ती डोंगरातल्या बर्फावर चालवायची गाडी होती, फोर स्ट्रोक इंजिनाची. मी तसं सांगितलं. चाचा हसले. "बर्फाची गाडी जालन्यात! रस्ता चुकली बिचारी." मग तिच्याभोवती एक फेरी मारून माझ्याकडे बघून म्हणाले, "तू तो इंजिनेर हाय ना? दसऱ्याला मी यार्ड साफ करतो. तवर हिला हितून गेटपर्यंत चालवत नेऊन दाखव, तुझी झाली. न्हाई तर कटर. बोल, मंजूर?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी हो म्हणालो. मी इतक्या पटकन कशालाच हो म्हणत नाही.

त्या वेळी कॉलेजात प्रोजेक्टचे ग्रुप पडत होते. चौघाचौघांचे ग्रुप आपोआप पडले आणि मी उरलो. कुणी मुद्दाम केलं असं नाही. सरांनी मला एका ग्रुपात घातलं, ती मुलंही चांगलीच होती, पण त्यांचं बोलणं आधीच सुरू झालेलं असायचं आणि मला मधूनच कुठून शिरावं ते कळत नसे. घरी फोन केला की आई विचारायची, "जेवला का?" वडील विचारायचे, "पाऊस हाय का तिकडं?" यापुढं त्यांना काय विचारावं हे कळत नव्हतं आणि मला काय सांगावं हे. गाडीचं मात्र तसं नव्हतं. ती मला समजत नव्हती, पण तिला वेळ दिला की ती थोडी थोडी समजत होती.

पहिल्याच दिवशी तिची एक गोष्ट चालू झाली. मी पिकअपची बॅटरी जोडली, एकेक बटण दाबून पाहिलं. काहीच हललं नाही. थोड्या वेळानं हँडलच्या मुठी गरम लागायला लागल्या. थंडीत हात गोठू नयेत म्हणून त्या मुठींत हीटर असतो. शेजारी गॅस कटर चालवणारे दादा उभे होते. त्यांनी मुठीला हात लावला आणि झटकन काढला.

"च्यायला! ह्याला आपला उन्हाळा कमी पडला का रे?"

दादांशी माझी ओळख अशी झाली. ते माझ्या वडिलांहून थोडे लहान असतील. आख्खा दिवस ते डोळ्यांना काळा चष्मा लावून लोखंड कापायचे. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन गाडीजवळ येऊन बसायला लागले. मी इंजिन खोलायचो, ते भाकर खात बघत राहायचे आणि मधूनच विचारायचे, "हे काय करून राह्यला आता?" मी सांगायचो. मला कुणी असं विचारतं आणि मी सांगतो, हे फार दिवसांनी होत होतं. बाकीचे कामगार त्यांना चिडवायचे. "दादा, पोरगी बघायला आल्यावाणी रोज बसताय! हुंडा ठरला का?" दादा म्हणायचे, "तुमच्या तोंडात भाकर हाय ना? मंग चावा."

रोज खोलीवर गेलो की मी एका साइटवर परदेशातल्या मालकांनी लिहिलेलं वाचायचो. या गाडीचे मालक आपापले अनुभव लिहितात. एकानं लिहिलं होतं की जुन्या टू स्ट्रोक गाडीपुढं हिला धूर नाही, कपड्यांना वास येत नाही, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची कटकट नाही. एका बाईंनी लिहिलं होतं की ही गाडी पुढून जड आहे. भुसभुशीत बर्फात नाक खुपसते आणि मग एकट्या माणसाला निघत नाही, सोबत कुणीतरी लागतंच. दुसऱ्यानं लिहिलं होतं की हिचा आवाज इतका कमी आहे की डोंगरात थांबलं तर बर्फ झाडावरून पडल्याचं ऐकू येतं. ते वाक्य मी बऱ्याचदा वाचलं. बर्फ झाडावरून पडतो तेव्हा आवाज कसा येत असेल, ते मला ठरवता येईना.

जड आहे हे मात्र मीही सांगू शकत होतो. नाक उचलायला आम्हाला तिघं जण लागायचे.

मी धीर करून तिथं लिहिलं, की मी भारतातून, आमच्याकडे बर्फ पडत नाही, गाडी थोडं अंतर चालवायची आहे. एकानं विचारलं, चेष्टा करतोस का? मग एका म्हाताऱ्या माणसानं शांतपणे समजावलं. या गाडीला पंखा नसतो. सीटखाली लांब पन्हाळीसारखा भाग असतो. मागचा पट्टा फिरताना बर्फ उडवून त्या पन्हाळीवर मारतो आणि त्यानंच इंजिन थंड राहतं. बर्फ नसेल तर इंजिनातलं पाणी काही मिनिटांत उकळेल. दुसरं त्यानं लिहिलं ते आतल्या बेल्टबद्दल. इंजिनाची ताकद मागच्या साखळपट्ट्यापर्यंत पोचवायला आत दोन पुल्यांवर एक रुंद रबरी बेल्ट असतो, आपल्या स्कुटीत असतो तसाच. तुझा बेल्ट जुना असणार, त्याला जप, तो कोरडा राहू दे.

मी झाकण काढून बेल्ट पाहिला. कडेनं चिरा होत्या, पण धड होता. जालन्यात, संभाजीनगरात कुठंच तसला मिळेना. तेवढा गेटपर्यंत पुरेल, असं मी ठरवलं.

गणपती गेल्यावर एका दुपारी इंजिन चालू झालं. पेट्रोलचा पंप एका भंगार कारचा, तारा माझ्या जोडलेल्या. आधी खोकल्यासारखं झालं, आणि मग एकदम मऊ, भरलेला आवाज. त्या मालकांनी लिहिलं होतं ते खरं होतं, आवाज खरोखर कमी होता. दादा भाकर हातात घेऊन उभेच राहिले. मी लगेच बंद केलं, गरम होऊ नये म्हणून. मला वाटतं, त्या दिवशी मी सगळ्यात जास्त तिचा मालक होतो.

चाचांनी खंडेनवमीचा दिवस ठरवला. त्या दिवशी यार्डात पूजा असते. क्रेन, काटा, कटर, ट्रक, सगळं धुऊन पुसून, तेल-पाणी करून, झेंडूचे हार घालतात. चाचा स्वतः सगळ्यांना पेढे वाटतात. या खेपेला त्यांना भारीच हुरूप आला होता. बर्फाच्या कारखान्यातून भुशात गुंडाळलेल्या लाद्या मागवल्या. पोरांनी घणानं फोडून चुरा केला आणि गाडीखाली, गेटपर्यंतच्या वाटेवर पसरला. कॉलेजातल्या ग्रुपला मी बोलावलं होतं. "येतो ना भाऊ," असं त्यांनी लिहिलं होतं. मी दोनदा गेटकडे पाहिलं, मग पाहणं सोडलं.

गाडी मी यायच्या आधीच सजली होती. पुढच्या पट्ट्यांखाली लिंबं, हँडलला हार, हळदीकुंकू. दादा नवा शर्ट घालून तिच्याशेजारी उभे होते, आणि घरच्या लग्नात उभं राहावं तसे उभे होते.

"बस," ते म्हणाले. "सगळं बराबर करून ठेवलंय."

चाचांनी घड्याळ दाखवलं. "चल इंजिनेर, बर्फ वितळून राह्यला!"

मी बसलो, चालू केली. एका झटक्यात चालू झाली. टाळ्या पडल्या. मी हळू थ्रॉटल दाबला. इंजिनाचा आवाज चढला, गाडी हलली नाही. आणखी दाबला. गाडी तिथंच. मागचा पट्टा किंचित थरथरला आणि थांबला.

"अरे, बर्फ कमी पडला काय?"

"पेढा खाऊ घाला तिला!"

मला जळका वास आला. बाजूच्या झाकणातून धूर निघाला. मी खाली वाकून बघितलं. झाकणाच्या कडेनं तेल ओघळत होतं. ताजं, पिवळं तेल. बेल्टवर, दोन्ही पुल्यांवर.

मी वर पाहिलं. दादांच्या हातात तेलाचा डबा होता. पूजेला सगळ्या यंत्रांना तेल देतात, तसं त्यांनी हिच्याही फिरणाऱ्या प्रत्येक भागाला दिलं होतं. झाकण काढून, आतपर्यंत. एकही भाग कोरडा राहू नये म्हणून.

मी इंजिन बंद करायला हात पुढं केला, तेवढ्यात आत काहीतरी फटकन तुटलं. बेल्ट तुटला होता.

सगळे हसत होते, पण वाईट हसत नव्हते. चाचा जवळ आले. "क्या हुआ रे?"

खरं तर एक वाक्य पुरलं असतं. तेल लागल्यामुळं बेल्ट घसरला. चाचा न्यायी माणूस आहे, ऐकून कदाचित त्यांनी आणखी मुदत दिली असती, मी कुठूनतरी बेल्ट मागवला असता. ते वाक्य माझ्या तोंडात आलं होतं. पण सगळा यार्ड गोल करून उभा होता. या गाडीपाशी बसतात म्हणून दादांना रोज चिडवणारे सगळे होते. आणि दादा माझ्याकडे बघत होते. त्यांना काहीच कळलेलं नव्हतं. त्यांना फक्त माझ्यासाठी वाईट वाटत होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं.

"बेल्ट जुना होता, चाचा," मी म्हणालो. "माझाच अंदाज चुकला."

चाचांनी एकदा गाडीकडे पाहिलं. मग माझ्या पाठीवर हात ठेवला. "मेरा दिल नहीं करता, बेटा. लेकिन बोल दिया सो बोल दिया. यार्ड में जगा होना मेरेकू." आणि मोठ्यानं म्हणाले, "चलो, पेढे घ्या सगळे!"

वाटेवरचा बर्फ तोवर काळा चिखल झाला होता.

दसऱ्यानंतर गाडी दादांनीच कापली. दुसऱ्या कुणाला देऊ नका, मीच करतो, असं त्यांनी चाचांना सांगितलं. मी काट्यावरून उठून तिथं गेलो. "तू कायले आला?" ते म्हणाले. मी म्हटलं, धरायला कुणीतरी लागेल. मग मी धरलं आणि त्यांनी कापलं. अॅल्युमिनियम वेगळं, लोखंड वेगळं, प्लॅस्टिक वेगळं. "काही ठेवू का तुझ्यासाठी?" त्यांनी विचारलं. माझ्या खोलीत पलंग ठेवला की दार नीट उघडत नाही. मी नको म्हणालो.

नंतर दुपारची सुट्टी झाली की मला कुठं जावं ते कळेना. दादा त्यांच्या शेडमध्ये जेवायचे, मी काट्याच्या केबिनमध्ये. लांबून हात करायचो. आम्हाला बसायला ती गाडी होती आणि बोलायलाही तीच होती, हे आधी माझ्या लक्षात आलं नव्हतं. जो माणूस दुखावू नये म्हणून मी गप्प बसलो, त्याच्याशी बोलायला आता माझ्याकडे काही नव्हतं. मी बरोबर केलं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दिवाळीनंतर एकदा मी डबा घेऊन त्यांच्या शेडमध्ये गेलो. त्यांनी पोतं झटकून जागा केली. आम्ही जेवायला लागलो.

"तो पट्टा," दादा भाकरीकडे बघत म्हणाले, "कशानं तुटला असल रे?"

"जुना होता, दादा."

"मी तर तेल चांगलं दिल्तं त्याला."

"हो," मी म्हणालो. "चांगलं दिलं होतं."

त्यांनी घास घेतला, चावला.

"मंग जुनाच असल," ते म्हणाले.