ठकीच्या पोटातली गाठ

आक्का गेल्याचं कळलं तेव्हा मी बार्शीच्या घरात जवारी निवडत होते. सोलापूरहून आलेला नात्यातला माणूस उंबऱ्यातच थांबला आणि म्हणाला, "थोरल्या गेल्या." कशानं, ते मी विचारलं नाही. मला ठाऊक होतं. सूप खाली ठेवलं... त्याला महिना उलटून गेला. सूप अजून हातात घ्यावंसं वाटत नाही.

आक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. तोंडानं अशा फटकळ, की सासूबाईसुद्धा त्यांच्यापुढं जपून बोलायच्या. सोलापुरात विणकरांच्या गल्लीत आमचं घर, पुढल्या खोलीत माग, आणि मागापाशी बसून आम्ही दोघी जावा सुताच्या कांड्या भरायचो. घरात एक मांजर होतं, ठकी. माझं लग्न व्हायच्या आधीपासूनचं. म्हणून तिचा मान माझ्याहून मोठा, असं आक्का मला खुशाल सुनवायच्या. ठकी म्हातारी झाली तसं तिचं पोट बिघडलं. दूध दिलं की जुलाब, भाकरी दिली की पोट गच्च. त्यात तिला सुताला लावलेल्या खळीची भारी चटक. चाटता चाटता धागाही गिळायची. आक्कांनी तिचं दूध तोडलं. मटणाचं अळणी पाणी, त्यात कुस्करलेली भाकरी, तेही थोडं थोडं, दिवसातून चार वेळा. पोट अडलंच तर बोटावर एरंडेल. माझ्या बाळंतपणात माझं एवढं केलं नाहीत, असं मी एकदा म्हटलं. तर म्हणाल्या, तू बोलून दाखवतेस, ती बिचारी काय बोलणार!

पुढं प्लेगाचं साल आलं. शेजारच्या बोळात उंदीर पडले. गाठीचा ताप आलाय, घरं सोडा, अशी दवंडी फिरू लागली. माझी लेक तेव्हा अंगावर पीत होती. नेमकं त्याच वेळी ठकीनं खाणं टाकलं. पिवळं ओकायची, कोपऱ्यात कुंथत बसायची. तिला उचलताना माझ्या हाताला तिच्या पोटात सुपारीएवढं कठीण काही लागलं.

नळावर शेजारच्या नरसव्वानं आक्कांना विचारलं, तोंड का उतरलंय? आक्का सहज बोलून गेल्या, "ठकीच्या पोटात गाठ झालीया." नरसव्वा तेलुगू बोलणारी. सुताच्या गाठीला तिच्या घरात तेलुगू शब्द. मराठी 'गाठ' तिनं ऐकली होती ती दवंडीवाल्याच्या तोंडून. घागर तिथंच टाकून ती पळाली. दुपारपर्यंत गल्लीतली दारं लागली, वळकट्या बांधून माणसं माळावरच्या झोपड्यांकडं निघाली. कुणीतरी लांबूनच ओरडलं, मांजर मारून जाळा, नाहीतर सरकारी माणसं बोलवतो.

आणि खरं सांगू, मलाही वाटलं, ती प्लेगाचीच गाठ असली तर? ठकी उंदीर खायची. तिला धरलेल्या हातांनीच मी लेकीला घेतलं होतं. राखेनं हात घासघासून मी सोलून काढले.

"आक्का, तिला लांब सोडून या," मी म्हटलं. "माझं लेकरू हाय."

आक्का उठल्या. ठकीला पदरात घेतलं, एरंडेलाची बाटली घेतली, मागाच्या खोलीत गेल्या आणि आतून कडी घातली. मग दाराआडून म्हणाल्या, "मला ताप चढला तर मी हितनं सांगीन. तवा पोरीला घिऊन म्हायेरी वळसंगाला जा. दार उघडू नगंस."

मी लेकीला छातीशी धरून अंगणात बसले. आत आक्का खोकल्या की मी हाक मारायची, "आक्का?" आतून यायचं, "हाय." थोड्या वेळानं पुन्हा... "आक्का?" "हाय." एकदा हाक मारली, तर उत्तर लवकर आलं नाही. त्या वेळची भीती आजही माझ्या पोटात आहे.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना कडी वाजली. ठकीचं पोट मोकळं झालं होतं. दगडासारखा खडा आणि त्याला गुंडाळलेला खळीचा धागा, ते कौलाच्या तुकड्यावर घेऊन आक्का भर गल्लीतून नरसव्वाच्या दारात गेल्या. "बघ, ही गाठ." नरसव्वा नाकाला पदर लावून हसली, आणि मग रडली. हळूहळू दारं उघडली. ठकी त्यानंतरही एरंडेलावर आणि अळणीवर बरेच दिवस जगली.

पण आक्कांनी 'गाठ' हा शब्द टाकला तो टाकलाच. सूत तुटलं की म्हणायच्या, "जोड मार." पुढं सगळं घर तसंच बोलू लागलं.

मग काही वर्षांनी आम्ही बार्शीला राहायला आलो. गेल्या दिवाळीनंतर मी सोलापूरला गेले, तर आक्का निम्म्या झालेल्या. घरात कुणी नसताना त्यांनी माझा हात धरून स्वतःच्या पोटावर ठेवला. मी हात काढला नाही.

"काय लागतंय?"

"जोड हाय, आक्का."

"व्हय," त्या म्हणाल्या. "कुणाला सांगू नगंस. गल्ली रिकामी हुईल की."

मी त्याच दिवशी थोरल्या भावजींना सांगितलं. दवाखान्यात नेलं. तिथं म्हणाले, आता फार उशीर झाला.

हल्ली सकाळी उठायच्या आधी मी माझ्या पोटावरून तळवा फिरवते. काही लागत नाही. तरी पुन्हा एकदा फिरवते.