लेण्यातल्या बाईचा अंबाडा

जेवणानंतर जरा पाठ टेकावी म्हणून हेमलताबाई चटईवर आडव्या होतात, तेव्हा झोपायचा त्यांचा मुळीच विचार नाही. चहाच्या वेळेला छापखान्याचे मुळ्ये यायचे आहेत आणि शेजारी चौरंगावर पुस्तकातलं शेवटचं चित्र पडून आहे. चित्र पुरं आहे. पुरा व्हायचा राहिलाय तो बाईंचा विचार. पंखा कुरकुरतोय, मागच्या दारी भांडीवाली भांडी विसळतेय, आणि बाई डोळे मिटून पुन्हा त्याच विचाराचं दळण दळतायत.

त्याचं असं आहे. पुस्तक दोघींचं. जुन्या काळच्या बायका काय नेसत, केस कसे बांधत, अंगावर काय काय घालत, त्याविषयीचं. लिहिलं नणंदेनं, म्हणजे कालिंदीनं. ती कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवायची. चित्रं काढली भावजयीनं. नणंद-भावजय मिळून पुस्तक करतायत म्हटल्यावर वाईतल्या ओळखीच्या लोकांना हसायला निमित्तच मिळालं होतं. पण या दोघींचं वर्षानुवर्षं बरं चाललं होतं, आणि त्याला कारण होते कालिंदीचे केस. कालिंदीनं लग्न केलं नाही, ती भावाकडेच राहिली. केस गुडघ्यापर्यंत, एकटीला आवरायचे नाहीत. रोज सकाळी ती वहिनीपुढे पाठ करून बसायची आणि हेमलताबाई तिला विंचरून द्यायच्या. जे काय बोलायचं ते दोघी त्या वेळात बोलत. आदल्या रात्री कितीही वाजलेलं असो, कोणाचे केस हातात घेऊन फार वेळ फुगून बसता येत नाही.

शेवटचं मात्र वाजलं ते या चित्रावरून. भोरजाईच्या लेण्यात एका खांबावर सातवाहनांच्या काळातली एक दगडी बाई होती. पायात जाडजूड वाळे, कोपरापर्यंत बांगड्या, कमरेला रुंद मेखला आणि डोक्यावर एका बाजूला कलता, नारळाएवढा अंबाडा. हेमलताबाईंनी समोर बसून तिचं चित्र काढलं. अंबाडा तिच्या डाव्या कानावर. कालिंदीनं घरी भिंतीवर स्लाइड पाडून बघितलं आणि तो उजव्या कानावर आहे असं ठरवलं. नुसतं ठरवून थांबेल तर ती कालिंदी कसली! नवरा ज्या बाजूला उभा, त्या बाजूला बायकोचा अंबाडा, असं अख्खं प्रकरण तिनं त्यावर लिहून काढलं. "तुम्ही समोर बसलात वहिनी, तुमचं डावं ते तिचं उजवं," असं ती म्हणाली. "आणि तुम्ही स्लाइड उलटी घातलीत," असं हेमलताबाई म्हणाल्या. दिवाळीनंतर लेण्यात जाऊन काय ते बघू, असं ठरलं.

दिवाळीनंतर कालिंदीचा आजार निघाला. औषधांनी केस गेले. विंचरायला काही उरलं नाही, म्हणून सकाळचं बसणंही गेलं, आणि ते भांडण दोघींच्या मध्ये तसंच बसून राहिलं. पुढच्या पावसाळ्यात खांबाची कपार ढासळली आणि दगडी बाईचं डोकं अंबाड्यासकट खाली येऊन त्याचा चुरा झाला. पौषात कालिंदी गेली.

आता चित्र आहे तसं छापलं तर मेलेल्या नणंदेला पुस्तकभर खोटं पाडल्यासारखं होतं, आणि तिला उत्तर द्यायला तोंड नाही. दुसरा उपाय अगदी सोपा आहे. ट्रेसिंगचा कागद उलटा धरायचा आणि गिरवायचं. बाईंनी सकाळी तो कागद चित्रावर ठेवूनही पाहिला आहे. कोणाला कळायचं नाही. फक्त त्यांना स्वतःला डोळ्यांनी पाहिलेलं पुसल्याची टोचणी लागून राहील.

भांड्यांचा आवाज लांब जातो.

"वहिनी, सरका जरा."

हेमलताबाई सरकतात. कालिंदी चटईच्या कडेला बसते. ती गेलेली आहे हे बाईंना पक्कं ठाऊक आहे, पण त्याचं त्यांना विशेष वाटत नाही. भांडीवालीनं हिला पाहिलं तर नाही ना, एवढंच मनात येतं. कालिंदी कॉलेजात नेसायची ती निळ्या काठांची पांढरी सुती साडी नेसली आहे. केस मोकळे, ओले, शिकेकाईचा वास येतोय. पाय हलवला की मात्र लोखंडी साखळदंड ओढल्यासारखा आवाज होतो.

"वन्सं, पायात काय घातलंत हे?"

"तुम्हीच काढलेत की. वाळे." कालिंदी घोटा चोळते. "आपण पुस्तकात डौलदार असं लिहिलंय. डौल कसला, पाय उचलत नाही. ती बाई दोन हजार वर्षं एका जागी उभी होती ती काही हौसेनं नव्हे."

हेमलताबाईंना हसू येतं. चहा टाकते म्हणून त्या मागच्या दाराकडे निघतात. मागच्या दाराच्या पायऱ्या खडकात कोरलेल्या आहेत, शेवाळलेल्या आहेत, आणि गुडघे अजिबात दुखत नाहीत. आत गारवा आहे. बाजारातला कासार आपली बैठक मांडून बसला आहे, नेहमीचीच बैठक, फक्त वर छताला दगडी कमानी आहेत. तो कालिंदीचा हात साबणाच्या पाण्यात बुडवून बांगड्या चढवतोय. मनगट भरतं, तरी थांबत नाही. कोपरापर्यंत दोन्ही हात भरतात. कालिंदी मुकाट्यानं भरून घेते. जिवंतपणी तिनं घड्याळाशिवाय हातात काही घातलं नव्हतं.

"बघा," ती म्हणते आणि हात डोक्याकडे न्यायला बघते. बांगड्या कोपरात अडतात. हात कानाच्या खालीच राहतो.

"म्हणजे तिला स्वतःचे केस बांधता येत नसणार," हेमलताबाई म्हणतात. "मागे कोणीतरी बसलेलं असणार."

कालिंदीचा चेहरा वर्गात नेमकं उत्तर मिळाल्यावर व्हायचा तसा होतो. हे लिहायचं राहिलं, असं ती पुटपुटते, आणि खांबावर जिथे दगडी बाई होती तिथे, रिकाम्या खाचेत, पाठ करून बसते. मागे खडक असायला हवा. तिथे हेमलताबाईंना ऐसपैस बसायला जागा आहे. हातात शिंगाची फणी आहे. त्या विंचरू लागतात.

किती दिवसांनी हे केस हातात आलेत! बाईंना भरून येतं. भांडण, चित्र, मुळ्ये, काहीही नको, नुसतं विंचरत राहावं असं वाटतं. मग फणीत केस येऊ लागतात. आधी दोन-चार, मग पुंजकाच. कासार कुठे दिसत नाही. फिनेलचा वास आहे, आणि इस्पितळाच्या लांबच लांब व्हरांड्यात लोखंडी बाकावर त्या बसल्या आहेत, समोर कालिंदीची पाठ. त्या थांबतात.

"थांबू नका. थोडे तर रोजच गळायचे."

म्हणून त्या थांबत नाहीत. फणीतले केस पूर्वीसारखे बोटाभोवती गुंडाळून त्यांची गुंतवळ करतात, ती मुठीत धरतात आणि विंचरतात. डोक्यावरचे केस काही कमी होत नाहीत. त्या पीळ देतात, वळसा घालतात, आणि नारळाएवढा अंबाडा कालिंदीच्या डाव्या कानावर बसतो. पाठीमागून बघताना डाव्या-उजव्याचा घोळ नसतो. हिचं डावं ते आपलंही डावं.

"कुठे बसला?" कालिंदी विचारते.

हेमलताबाईंच्या ओठांवर उत्तर आहे, पण ते बाहेर पडत नाही. इतके दिवस त्या जिंकायच्या गोष्टी करत होत्या आणि आता जिंकावंसं वाटत नाही. तुम्ही म्हणाल तिथे बसला, वन्सं, असं काहीतरी त्या बोलून जातात. चित्र उलटं करून देते, तासाभराचं तर काम आहे, प्रकरण तुमचं तसंच राहू दे.

कालिंदी वळत नाही. पण मान ताठ होते. ती चिडली की तिची मान अशीच व्हायची.

"मी गेले म्हणून मला जिंकू देताय होय?" ती म्हणते. "कीव केलेली मला चालायची नाही, वहिनी. आजारात सगळ्यांनी तेच केलं. एक तुम्ही तेवढ्या भांडत होतात, मग तुम्हीही गप्प झालात."

"तुमचं दुखणं बघून बोलवेना मला."

"मला वाटलं, केस गेले तशा तुम्हीही गेलात."

हेमलताबाई तिच्या खांद्यावर हात ठेवतात. खांदा उन्हात तापलेल्या दगडासारखा ऊबदार आहे. मग त्या डोळे पुसतात आणि स्पष्ट सांगतात, "डावीकडे बसलाय. तेव्हाही डावीकडेच होता. मी पाहिलाय."

कालिंदी डोकं जरा इकडे, जरा तिकडे कलवून बघते. तिची मान सैल झाली आहे.

"मला तर उजवीकडेच जड लागतंय," ती म्हणते.

"वन्सं!"

दोघी हसू लागतात, आणि कुठेतरी सायकलची घंटा वाजते.

मुळ्ये फाटकाशी सायकल लावतायत. पंखा कुरकुरतोय. हेमलताबाई उठून बसतात. गुडघे नेहमीसारखे दुखतात. उजव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली आहे, ती त्या उघडतात. तळहातावर गुंतवळ आहे, नीट गुंडाळलेली. केस काळे आणि लांब, अजून दमट. हेमलताबाईंचे स्वतःचे केस पांढरे, मानेपर्यंत कापलेले. त्यांनी ती नाकाशी धरून बघितली, मग चौरंगावर दौतीशेजारी ठेवली आणि दार उघडायला गेल्या.

मुळ्ये घाईत होते. चहा नको म्हणाले. बाईंनी ट्रेसिंगचा कागद बाजूला केला, टाक घेतला आणि चित्राखाली स्वच्छ अक्षरात लिहिलं: "अंबाडा लेखिकेच्या मते उजवीकडे, चित्रकाराच्या मते डावीकडे. याबाबत दोघींचं एकमत झालं नाही."

मुळ्यांनी ते वाचलं. मग जपून म्हणाले, की कालिंदीबाई तर आता नाहीत. एकमत झालं असं लिहिलं तरी कोणाची हरकत असणार?

"नाही झालं," हेमलताबाई म्हणाल्या. "आत्ताच विचारलं."

मुळ्यांनी चित्र पाकिटात घातलं. फाटक लागल्याचा आवाज आल्यावर बाईंनी कपाटातून कालिंदीची फणेरपेटी काढली, गुंतवळ त्यात ठेवली आणि चहा टाकायला आत गेल्या.