सिलेंडरवरचा अंगठा

फेब्रुवारीतला दुसरा शनिवार, भर दुपार. हजर : मी (तपासणी आणि नियोजन), प्लेटिंगचे शिवाजीराव, आमचे मालक. गैरहजर : एनग्रेव्हिंगचा संदीप... आणि सगळा घोळ त्याच्याच नावावर.

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. अमावस्येला मशीन बंद ठेवू म्हणणाऱ्यांना मीच कामाला लावते. म्हणून हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय.

भोरजवळ, उत्रोलीच्या पुढे आमचं छोटं युनिट आहे. चहाची, बिस्किटांची पाकिटं ज्यांवरून छापतात ते सिलेंडर आम्ही बनवतो. लोखंडी सिलेंडरवर तांब्याचा थर चढवायचा, घासून आरशासारखा करायचा, हिऱ्याच्या टोकानं त्यावर बारीक खड्डे कोरायचे — त्यांतच शाई बसते — आणि वरून क्रोम. मग नमुना छापून बघायचा. या सगळ्यात एकच पाप : तांब्याला उघडा हात लावणं. बोटाचं तेल लागलं की तिथं क्रोम नीट धरत नाही आणि बोट छापून येतं.

त्या आठवड्यात चहाच्या पाकिटाच्या नमुन्यावर, कोऱ्या पांढऱ्या जागेत, अंगठा आला.

संदीप आंबवड्याचा. हातमोज्यांच्या बाबतीत इतका काटेकोर की शिवाजीराव त्याला चिडवायचे, लग्नात बायकोचा हात बी मोजे घालूनच धरला असंल. पण छापलेला अंगठा चपट्या टोकाचा होता, आणि तसा अंगठा आमच्याकडे त्याचाच. मालकांनी त्याला शाई लावून कागदावर ठसा द्यायला लावला. मी भिंगातून दोन्ही पाहिले. एकच.

"मॅडम, हात लागला असता तर म्या सोताच सांगितलं असतं," एवढंच तो म्हणाला. शाई निघून गेली तरी फडक्यानं अंगठा पुसत राहिला.

आम्ही तांबं पूर्ण उतरवलं, नवा थर चढवला, पुन्हा कोरलं. पुन्हा अंगठा. तीच जागा.

हा मुद्दाम करतोय, असं मालकांचं मत झालं. त्यांनी त्याला घरी बसवलं आणि सांगितलं, आता त्याच्याशिवाय करा. नमुना स्वच्छ आला तर त्याला कायमचं बंद.

शनिवारी सकाळपासून सिलेंडर आमच्या नजरेआड गेला नाही. तांबं शिवाजीरावांनी चढवलं, घासलं. एनग्रेव्हिंगला मी बसले. पूर्वी तेच काम करायचे. क्रोम होईपर्यंत मालक खुर्ची टाकून समोर. तिघांच्याही हातात मोजे.

नमुना निघाला. मी आधी मालकांच्या तोंडाकडे पाहिलं, मग कागदाकडे.

अंगठा होता.

मालकांनी कागद उजेडाकडे धरून पाहिला. मग म्हणाले, त्याला सोमवारपासून बोलवा. मला एकदम हलकं वाटलं... पण शिवाजीराव अजून कागदावर वाकलेलेच होते.

"मॅडम, हे बगा. ह्यो पयल्यावानी न्हाई."

मी भिंग लावलं. ठशाच्या रेषांना एक तिरका छेद गेला होता. सुरी किंवा विळा लागल्यावर जातो तसा. आधीच्या दोन्ही नमुन्यांवर तो नव्हता. तिन्ही शेजारी ठेवून पाहिले.

"कापलंय त्येला," शिवाजीराव हळूच म्हणाले. मालक मोबाईल घेऊन बाहेर निघून गेले.

तांब्यात खोट होती म्हणावं, तर तांबं दर वेळी नवं. मशीन ज्यावरून कोरतं ती डिझाइनची फाइल तपासली, ती जागा कोरीच.

संदीपला कळवायचं काम माझ्याकडे आहे. कामावर ये, हे सांगणं सोपं आहे. पण अंगठ्याला काही लागलंय का, हे विचारल्याशिवाय मला राहवणार नाही. हो म्हणाला तर काय बोलायचं, ते ठरवलेलं नाही. आणि नाही म्हणाला, तर मला जास्त भीती वाटेल. मग ते कापणं अजून व्हायचंय की काय?

आज रविवार, संध्याकाळ. त्याचा नंबर काढून बसले आहे. फोन अजून लावलेला नाही.