पानाच्या कोडात उघडा पासवर्ड

नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीची वेबसाइट मी सांभाळायला घेतली, तेव्हा पेरणी तोंडावर आली होती. गावोगावचे दुकानदार तिच्यावर लॉगिन करून माल मागवायचे. एका दुपारी एक बटण चालेना, म्हणून मी ब्राउझरमध्ये पानाचा कोड उघडला. मालकांचं युजरनेम आणि पासवर्ड तिथंच सरळ लिहिलेले. पान उघडणाऱ्या कुणालाही दिसतील असे. ते वापरून आत गेलं की प्रत्येक दुकानदाराचा फोन, पत्ता, बँक खातं, सगळं समोर.

साइट बनवणारा कधीच नोकरी सोडून गेला होता. मी तडक शेटजींच्या केबिनमध्ये गेले.

"अरे बेटा, इतकी वर्षं बराबर चालू आहे. कोण बघतंय तिथं?"

मी त्यांच्याच लॅपटॉपवर तो कोड उघडून दाखवला. पासवर्ड म्हणजे त्यांच्या आईचं नाव होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं.

"बँकेला पण हाच आहे," ते हळूच म्हणाले.

लगेच तो बदलायला बसले. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले.

"साइट बंद ठेवावी लागेल," मी म्हणाले. ऐन हंगामात हे सांगणं सोपं नव्हतं.

"ठेव. पण जल्दी कर."

मी पासवर्ड तपासायचं काम पानातून काढून सर्व्हरवर नेलं, सगळ्यांचे जुने पासवर्ड रद्द केले. मग फोन सुरू झाले. धावड्याचे एक दुकानदार वैतागले होते. "ताई, खातं उघडून न्हाई राह्यलं. गिऱ्हाईक समोर बसलंय."

मी कारण सांगितलं.

"मंग माझं कुणी पाह्यलं का?"

"माहीत नाही, काका. कोण कधी आत आलं याची जुनी नोंदच ठेवलेली नाही."

"हे बरोबर न्हाई झालं," ते म्हणाले. मग, "आता नवा कसा ठेवू, ते सांगा."

संध्याकाळपर्यंत ऑर्डरी पुन्हा सुरू झाल्या. आजवर कुणाचं काही गेल्याची तक्रार आलेली नाही. तरी एखादा दुकानदार फोनवर "ताई, एक विचारायचं होतं" असं म्हणाला, की मीच आधी विचारते, "खात्यातून काही गेलं का?"