ओटीतल्या तुरीसाठी सोलापूर ते नातेपुते

वैराग आणि नातेपुते ही नावं सहलीच्या यादीत कुणी लिहीत नाही. तिथं ना समुद्र, ना धबधबा, ना फोटो काढावा असा कडा. तरीही आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रवास कुठला असं कुणी विचारलं, तर मी काशी-रामेश्वर बाजूला ठेवून हाच सांगते. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती, माझं लग्न ठरलं होतं, आणि अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, तूर हवी होती.

आता तूर काय, भवानी पेठेत आमच्या घरासमोरच्या दुकानात पोत्यानं मिळायची. पण अव्वाला हवी होती ती ठिपक्याची. लेक सासरी निघाली की तिच्या ओटीत तांदूळ-खोबऱ्याबरोबर मूठभर घरची तूर घालायची, अशी आमच्या घरची रीत होती. मातकट दाणा आणि त्यावर जांभळे ठिपके. अक्कलकोट रस्त्याला आमचा मुरमाड जमिनीचा तुकडा होता. तिथं ही तूर लवकर यायची आणि शिजायचीही लवकर. आजीनं ती माझ्या दोन्ही आत्यांच्या ओटीत घातली आणि बियाण्याचं मडकं अव्वाच्या हवाली केलं.

दुष्काळात अप्पांचं पेंड-सरकीचं दुकान बसलं. दावणीला जनावरच नाही तर पेंड कोण घेणार? धाकटा भाऊ तापातून उठलेला, घरात रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी आणि डाळीचा दाणा नाही. अव्वानं मडकं फोडलं, बी टिकावं म्हणून घातलेली राख झटकली आणि ते शिजवलं. अप्पा तिला एका शब्दानं बोलले नाहीत. पण तिनं ही गोष्ट नणंदांच्या कानावर कधी जाऊ दिली नव्हती, आणि आता त्यांच्याच दारात हात पसरायची वेळ आली होती.

"दुकानातली मूठभर घाल की," अप्पा म्हणाले. "ओटीत वाकून कोण बघतंय?"

"मला दिसंल की," अव्वा म्हणाली.

संक्रांतीची गड्डा जत्रा नुकतीच उठली होती, हवेत गारवा होता. पहाटे पेठेतले माग सुरू व्हायच्या आत आम्ही दोघी एसटी स्टँडवर होतो. अव्वाचा तोवरचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे अक्कलकोटपलीकडचं तिचं माहेर. घाबरली की ती कानडीत बोलायची. "नडी, नडी," म्हणजे चल, चल, करत तिनं मला गाडीत असं ढकललं की कंडक्टरच दचकला. तुम्ही या वाटेनं जाणार असाल तर तिनं केलं ते करा. कडक भाकरी आणि शेंगांची चटणी बरोबर घ्या. भाकरी चार दिवस टिकते, आणि चटणीचा वास सुटला की शेजारचा प्रवासी आपोआप सरकून जागा देतो.

वैरागचा रस्ता तेव्हा एकेरी होता. समोरून ट्रक आला की आमची गाडी मातीत उतरायची आणि सगळे धुळीनं पांढरे व्हायचे. दोन्ही बाजूंना कणसात आलेला शाळू, मधूनच करडईची पिवळी पट्टी. थोरल्या गंगूआत्याचं घर बाजाराच्या मागंच होतं. चहा झाल्यावर अव्वानं चाचरत विषय काढला.

"वन्सं, ती ठिपक्याची तूर जरा कमी पडतीया. हिच्या ओटीला..."

ती खोटं बोलतेय हे ऐकून मी मान खाली घातली. हसू दाबायला, दुसरं काही नाही. अव्वाला खोटं बोलताच यायचं नाही, तिचे कान लाल व्हायचे.

गंगूआत्यानं सूपभर तूर पुढं ठेवली आणि मी बघतच राहिले. पांढरी, तांबडी, काळी, करडी, असे सगळे रंग एकाच सुपात. "पांढरी डाळीला बरी," आत्या बोटानं दाणे सारत म्हणाली. "तांबडी पाण्याचा तान सोसती. काळी लई उशिरा येती, पन किडीला दाद देत न्हाय. पाऊस कसाबी पडू दे, एक तरी पदरात पडती. तुमची ठिपक्याची बी ह्यातच टाकली व्हती. पुढं मधमाशांनी काय गोंधळ घातला, त्यांचं त्यांनाच ठावं!"

अव्वानं ठिपक्याचे दाणे वेचले. ठिपके होते, पण पुसट. तिनं एक दाताखाली फोडला, चघळला आणि मान हलवली. आपली नव्हे. आत्याचं मन मोडू नये म्हणून सुपातली ओंजळभर तिनं रुमालात बांधून घेतली, पण रात्री जेवली नाही. मला तिचा राग आला. एवढं काय मेलं तुरीत, असं मी बोलूनही गेले. ती म्हणाली, "तुझ्या आजीनं माझ्या हातात दिली व्हती. दुसऱ्या कुणाच्या न्हाय."

दुसऱ्या दिवशी बार्शीहून कुर्डुवाडीपर्यंत छोट्या गाडीनं गेलो. ती नॅरोगेज आता गेली, नाहीतर तुम्हाला आग्रहानं बसवलं असतं. इतकी निवांत चालायची की खिडकीतून हरभऱ्याचे घाटे मोजावेत. समोरचे एक आजोबा उतरून कुणाशी तरी दोन शब्द बोलून परत चढले, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. कुर्डुवाडीला गरम भजी खाल्ली आणि अकलूजमार्गे एसटी धरली. अकलूजला उसाची हिरवी भिंत आणि कालव्याचं पाणी. माळशिरस मागं पडलं की सगळं पुन्हा उघडं माळरान, बाभळी आणि मेंढरं. वाटेत एकदा मेंढरांचा कळप जाईपर्यंत गाडी थांबली, आणि ड्रायव्हरनं तेवढ्यात विडी ओढून घेतली.

धाकट्या निलूआत्याच्या यजमानांचं नातेपुत्यात किराणा दुकान होतं आणि गावाबाहेर थोडं रान. अव्वा गाडीतून उतरल्यापासून मनातल्या मनात वाक्य घोळवत होती. आम्ही उंबरा ओलांडला, आणि निलूआत्यानं तिच्या हातातल्या रुमालाची गाठ बघितली.

"वैनी, बरं झालं गं आलीस! तूर आणलीस व्हय? मी निरोपच धाडणार हुते. आमची दुष्काळात शिजवून खाल्ली."

अव्वा उभीच राहिली.

"काय करू मग?" आत्या सांगत होती. "चार दिस नुसतं पातळ कालवन. पन जिवाला घोर न्हवता. म्हटलं, वैनीकडं मडकं हाय की!"

"वन्सं," अव्वा खाली बसली. "मी बी शिजवली. म्हटलं, तुमच्याकडं असंल की."

 मग निलूआत्याला हसू फुटलं, आणि हसता हसता तिनं डोळ्याला पदर लावला. अव्वा मात्र मोकळी रडली. इतकी वर्षं एकटीनं वाहिलेलं ओझं निम्मं झालं होतं, पण तूर गेली ती गेलीच. मलाही रडू आलं. त्या ठिपक्यांची मी कधी पर्वा केली नव्हती, आणि आता ती तूर कुठंच नाही म्हटल्यावर मीही पदर शोधू लागले.

दारात दुधाची चरवी घेऊन शेजारची बनाबाई उभी होती. धनगराची बाई, उंच, कपाळावर गोंदण. ती गोंधळून म्हणाली, "ती ठिपक्याची व्हय? आमच्या वाड्याच्या कुपाला हाय की."

"तुमच्याकडं कुटनं आली?" आत्यानं विचारलं.

"तुमीच दिली न्हवं का? माझ्या थोरल्याच्या बारशाला, घुगऱ्या करायला. मूठभर मागं ठिवली आन् कुपाच्या आत टोकली. बाहीर टोकली तर मेंढरं ठिवत्यात व्हय?"

आम्ही तिघी तशाच तिच्या मागं निघालो. तिच्या घराभोवतीच्या काट्यांच्या कुंपणाच्या आतल्या अंगाला तुरीची ओळ होती. झाडं बुटकी, शेंगा वाळून खुळखुळत होत्या. अव्वानं एक शेंग फोडली, दाणा तळव्यावर घेतला. लहान होता, पण जांभळे ठिपके चांगले उठून दिसत होते. तिनं तो दाताखाली फोडला.

"आपलीच," ती म्हणाली. "जरा रोडावली."

"हितं पानी कुटं हाय?" बनाबाई हसली. "ती बी आमच्यावानी झाली."

बनाबाईनं ओटीभर शेंगा दिल्या. अव्वानं तिला रुमालातली वैरागची रंगीबेरंगी तूर दिली. बनाबाईनं ती उन्हात धरून बघितली आणि म्हणाली, "ही टोकते दुसऱ्या अंगाला." परतीच्या गाडीत अव्वा कानडीतला एकही शब्द बोलली नाही, खिडकीला डोकं टेकून झोपली. घरी पोचल्यावर अप्पांनी दाणा हातात घेतला, चष्मा वर केला आणि फक्त म्हणाले, "आली का."

आज त्या वाटेनं गेलात तर रस्ते गुळगुळीत आहेत, गाडीत भाकरी बांधून न्यायची गरज उरली नाही, तरी न्या. वैरागकडं खरिपात नजर जाईल तिथवर सोयाबीन दिसेल, पिशवीतल्या बियाणाचं, एका उंचीचं. लोकांच्या हातात त्यानं पैसा आला, मी नावं ठेवणार नाही. पण ती हिरवी सपाटी बघितली की मला गंगूआत्याचं सूप आठवतं, आणि या सोयाबीनच्या बियाण्याचं मडकं आता कुणाच्या शेजारात आहे, असा प्रश्न पडतो. माझी ठिपक्याची तूर एकदा भुंग्यानं पार खाल्ली. परत मिळाली ती दोन घरं सोडून राहणाऱ्या बाईकडून.

कारण वैशाखात माझ्या लग्नात अव्वानं ओटी भरली तेव्हा तांदूळ, खोबरं आणि त्यावर तूर घातली. सगळ्यांना वाटलं ती आशीर्वाद पुटपुटतेय. ती म्हणत होती, "जपून ठेव असं सांगणार न्हाय मी. येळ आली तर शिजव, पोरांच्या पोटापरीस मोटं काय नसतं. पन आदी शेजारणीला मूठभर दे."

सासरी पोचले, माप ओलांडलं, आणि घरात कोण कोण आहे हे नीट कळायच्या आधीच मी नणंदेला विचारलं, शेजारी कोण राहतं?